औषध मारणारा ठेकेदार : पैसे देण्याआधी परवाना बघा



शेतातल्या फवारणीबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या आणि कोठारातल्या औषधाबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. ज्वारी घरात आली, तुरीची पोती रचून झाली, की दोन शत्रू जागे होतात. एक धान्यातले सोंडे आणि भुंगेरे, दुसरी भिंतीतून येणारी वाळवी. मग कुणीतरी सांगतं, "तालुक्याला एक जण आहे, पंप घेऊन येतो, एका दिवसात काम करून देतो."

बार्शी, उदगीर, पंढरपूर अशा गावांतून आता पेस्ट कंट्रोलच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. काम जाणणारी माणसं त्यात आहेत, आणि पंप विकत घेतला म्हणून ठेकेदार झालेलीही आहेत. एकाच घराला एक जण एक आकडा सांगतो, दुसरा त्याच्या तिप्पट. यातला खरा कोण, हे शेतकऱ्यानं ओळखायचं कसं? त्याचा हिशेब आज करू.

परवाना कशाचा असतो?

आपल्या देशात कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याचे नियम १९७१ चे. या कायद्याप्रमाणे कीटकनाशक विकायला जसा परवाना लागतो, तसाच धंदा म्हणून कीड नियंत्रणाचं काम करायलाही लागतो. धान्याला वायूची धुरी देणारा माणूस शेतीचा पदवीधर, नाहीतर रसायनशास्त्र विषय घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेत निदान १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला त्याच्याकडे लागतो. म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संस्था, हापूरची धान्य साठवण संस्था, हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था या त्यांपैकी आहेत.

आता फसगत कुठे होते ते ऐका. ठेकेदाराला परवाना विचारला की तो दुकानाचा गुमास्ता दाखला पुढे करतो, नाहीतर जीएसटीचा कागद दाखवतो. हे दोन्ही कागद धंद्याचे आहेत, औषध मारण्याचे नव्हेत. कीटकनाशकाच्या दुकानाचा विक्री परवानाही इथे चालत नाही. कागदावर कीटकनाशक कायद्याचं नाव, कीड नियंत्रणाच्या कामाचा उल्लेख, परवान्याची मुदत आणि ठेकेदाराचं नाव या चार गोष्टी वाचून घ्या. शंका आली तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी कार्यालयात कीटकनाशक निरीक्षक असतात, त्यांना कागद दाखवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

धान्यातल्या गोळ्या : इथे जिवाशी गाठ आहे

सेल्फॉस, सल्फास या नावांनी लोकांना माहीत असलेल्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. तो किड्याला मारतो तसाच माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा नाही. दार लावलं म्हणून हा वायू थांबत नाही. भिंतीच्या भेगेतून, पत्र्याच्या सांध्यातून तो शेजारच्या खोलीत जातो. धान्यात गोळ्या ठेवून घरची माणसं त्याच छपराखाली झोपली आणि सकाळी उठलीच नाहीत, असे प्रकार आपल्या देशात अनेकदा घडले आहेत. त्यात लहान मुलं आधी दगावतात.

म्हणूनच या गोळ्या सर्वसामान्यांना विकायच्या नाहीत असा नियम आहे. सरकारी खाती, सरकारी संस्था आणि परवानाधारक कीड नियंत्रक यांनाच त्या मिळतात, आणि वापर जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचा असतो. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. तेव्हा पुडीत बांधून चार गोळ्या देणारा दुकानदार असो की खिशातून काढून देणारा ठेकेदार, त्याला हात जोडा आणि परत पाठवा. राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या खोलीत धुरी नकोच. परवानेवाला आला तरी नको म्हणा.

आणखी एक. धुरीचा खर्च एकदा करून भागत नाही. वायू निघून गेला की त्याचा प्रभाव संपला. उघड्या कोठीत बाहेरून किडे पुन्हा शिरतात. त्यापेक्षा धान्य कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्‌ आवाज आला पाहिजे. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. डाळींना आणि बियांना किलोला ५ ते १० मिलि गोडं तेल चोळलं तर भुंगेऱ्यांना अंडी घालणं जड जातं. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. या सगळ्याला ठेकेदार लागत नाही.

वाळवीचं काम : पैशाचा हिशेब

वाळवी जमिनीतून येते. भिंतीवर दिसणारी मातीची नळी ही तिची वाट आहे, घर नव्हे. नुसत्या भिंतीवर फवारा मारला तर आठ दिवस बरं वाटतं, मग वाळवी दुसऱ्या वाटेनं वर चढते. औषध भिंतीच्या बुडाशी, जमिनीत गेलं पाहिजे.

बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे एकेका फुटावर छिद्र पाडतात आणि दर छिद्रात १ लिटरपर्यंत द्रावण मुरवतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के हे औषध असेल तर १ लिटर द्रावणात ५० मिलि औषध लागतं.

आता हिशेब करा. खोली १२ फूट बाय १० फूट. चारी भिंती मिळून ४४ फूट. म्हणजे छिद्रं ४४. द्रावण जास्तीत जास्त ४४ लिटर. त्यात औषध २ लिटर २०० मिलि. ठेकेदार अर्धा लिटरची बाटली आणि एक बादली घेऊन आला, तर काम होणार नाही हे तुम्हाला दारातच कळेल.

तेवढ्या औषधाचा त्या दिवशीचा भाव कृषी सेवा केंद्रात विचारा. त्यात छिद्रं पाडण्याची आणि बुजवण्याची मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च आणि ठेकेदाराचा वाजवी नफा मिळवा. जो आकडा येईल त्याच्याशी ठेकेदाराचा दर ताडून पाहा. दर त्याहून फार जास्त असेल तर तो घासाघीस करण्याजोगा आहे. फार कमी असेल तर औषध पातळ होणार हे नक्की. निदान दोघातिघांचे दर घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : "किती छिद्रं, आणि किती लिटर?"

औषध तुमच्यासमोर सीलबंद डब्यातून ओतायला सांगा. डब्यावरचं नाव, मुदत आणि रंगाचा त्रिकोण बघा. कुणी म्हणालं, "माझ्याकडे जुनं जालीम आहे," तर जास्तच सावध व्हा. वाळवीसाठी पूर्वी वापरायचे त्या ऑल्ड्रिनवर १९९६ मध्ये बंदी आली, बीएचसी पावडरवर १९९७ मध्ये, आणि डायक्लोरव्हॉसचा वापर २०२० अखेर बंद झाला.

औषध मारताना मुलं, गुरं, कोंबड्या, पाण्याची भांडी आणि उघडं धान्य त्या जागेत नको. विहीर किंवा आड जवळ असेल तर आधी सांगा. ठेकेदाराच्या मजुराला हातमोजे आणि तोंडाला योग्य मास्क आहे का, तेही बघा. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, हे आपण विसरता कामा नये. कुणाला मळमळ, चक्कर, घाम, छातीत दडपण वाटलं तर लगेच मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

लक्षात ठेवा

१. आधी परवाना, मग बोली.
२. राहत्या घरात गोळ्यांची धुरी नाही.
३. दर ठरवताना छिद्रं आणि लिटर मोजा.
४. पावतीवर औषधाचं नाव, प्रमाण, जागेचं माप, परवाना क्रमांक आणि वाळवी परत आली तर किती महिन्यांत फुकट काम करून देणार, हे लिहून घ्या.
५. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काही रक्कम काम पाहून द्या.

पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याला काम देऊ नका. वर्षभर राबून आणलेलं धान्य आणि ज्या घरात ते ठेवलंय ते घर, दोन्ही तुमचंच आहे. तिथे कोण औषध मारणार हे ठरवायचा हक्कही तुमचाच. नमस्कार.