तुळिंजच्या नळामागचं खोरं

वसई-विरारमधल्या तुळिंज रस्त्यावर उभं राहून कुणाला विचारलं, ‘तुमची नदी कुठली हो?’, तर माणूस आधी गोंधळेल. इथे चाळी आहेत, टँकर आहेत, फेरीवाले आहेत. नदी कुठे आहे? पण वसई-विरारच्या नळांना येणारं बरंचसं पाणी सूर्या नदीचं, आणि सूर्या पुढे वैतरणेला मिळते. तेव्हा ठाऊक असो वा नसो, तुळिंजकर वैतरणेच्या जिवावर जगतो.

ही वैतरणा त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि सुमारे दीडशे किलोमीटर वाहून अर्नाळा-दातिवऱ्यापाशी समुद्राला मिळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी चार याच खोऱ्यातले. तानसा १८९२ सालचा, मोडकसागर १९५७ चा, अप्पर वैतरणा १९७३ चा आणि मध्य वैतरणा २०१४ चा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण या नदीला दोनच प्रश्न विचारत आलो : पाणी कुठे अडवायचं आणि जलवाहिनी कुठवर न्यायची?

आता जरा वर, मोखाड्याकडे चला. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. धरणाचं पाणी शेजारीच, पण ते दुसऱ्यांचं. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली कातळ. पाणी मुरायच्या आधीच पळतं. इथे समतल चर हवेत, दगडी बांध हवेत, मुख्य म्हणजे जंगल शाबूत हवं. असली कामं फोटोत भव्य दिसत नाहीत, म्हणून उद्घाटनाच्या फितीही त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

सूर्येच्या खोऱ्यातही पाणी शेजारीच, पण वाटा दुसऱ्यांचा. धामणीचं धरण आणि कवडासचा बंधारा मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. पुढे शहरं वाढली आणि त्याच पाण्यावर दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना आली : १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. तुळिंजची तहान खोटी नाही. टँकरची वाट पाहत जिन्यात ड्रम मांडून बसणाऱ्यांना कोण नावं ठेवील? पण कालव्याच्या शेवटच्या टोकाचा आदिवासी शेतकरी भाताच्या दुबार पिकासाठी पाणी मागतो, तेव्हा तोही खोटं बोलत नसतो.

खाली खाडीत निराळीच कथा. वरून गोडं पाणी कमी आलं की खार वर चढतो. त्यात रेती. पूर्वी माणसं डुबकी मारून बादलीने रेती काढत. एका दमात जेवढी निघेल तेवढीच. आता सक्शन पंप दिवसरात्र तळ खरवडतात. काठ ढासळतात, तिवरं उन्मळतात. जिथे पाग टाकला की जिताडा मिळायचा, तिथे गढूळ पाण्याशिवाय काही लागत नाही. वैतरणेच्या ९२ आणि ९३ क्रमांकाच्या रेल्वेपुलांना या उपशामुळे धोका असल्याची ओरड कित्येक वर्षांची आहे. दोन पुलांच्या मधल्या वाढीव नावाच्या बेटावरची माणसं तर जीव मुठीत धरून त्याच पुलांवरून चालत ये-जा करत आली. रेतीचा पैसा मात्र आपल्याच इमारतींत मुरलाय, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आणि पावसाळा! तुंगारेश्वरच्या डोंगरावरून आलेला लोंढा पूर्वी शेतं, मिठागरं, खाजणं पसरून घेत. आता मधे भराव आणि इमारती, रेल्वेच्या बांधाखाली मोजक्या मोऱ्या, आणि भरतीची वेळ असली की सोपारा खाडी पाणी आत घ्यायलाच तयार नसते. मग तुळिंजला तळमजल्यावर गॅसची शेगडी पलंगावर चढते. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरात माणसं अडकली. त्यानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांनी धारण तलाव सुचवले, म्हणजे बुजवलेल्या खाजणांचं काम आता खर्च करून करायचं.

कायद्याने हे सगळं एका नजरेने पाहणारी यंत्रणा आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कोकण पाटबंधारे विकास महामंडळ ही आपल्या खोऱ्यांची ‘नदी खोरे अभिकरण’ आहे. पण जी संस्था धरणं बांधण्यासाठी उभी राहिली, तिला तिवरं आणि जिताडा कसा दिसावा? महसूल खातं रेती बघतं, वनखातं जंगल, महापालिका नळ आणि गटार. एका टेबलाशी मोखाड्याची बाई, कालव्याचा शेतकरी, खाडीचा कोळी आणि तुळिंजचा भाडेकरू बसलेले मी तरी पाहिले नाहीत.

तोवर एक स्वस्त सूचना. पाणीपट्टीचं बिल छापायचंच असतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला दर वेळी एवढंच छापावं : धामणीत आज किती पाणी आहे, कालव्याला किती सोडलं, शहरांना किती दिलं आणि किती गळून गेलं. शेवटचा आकडा छापताना महापालिकेला जरा जड जाईल.