गाण्याला नावगाव हवं

एके काळी आमच्या रत्नागिरीत अनेक घरांत आखातातून आलेला टेपरेकॉर्डर असायचा. कॅसेट भरून आणली की तिच्या कागदावर पेनाने गाण्यांची यादी लिहायची, हा शिरस्ता. २००१ मध्ये आयपॉड आला, खिशात हजार गाणी घेऊन. २०२२ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. गाणी मोबाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये राहिली. यादी लिहायची सवय मात्र सुटली.

गीतरामायणच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गीतं होती. ती नुसती कॉपी केली, तर बरेच प्लेअर अक्षरांच्या क्रमाने लावतात. मग राम आधी वनवासाला निघतो आणि नंतर जन्मतो! म्हणून प्रत्येक नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला. शून्य विसरू नका. नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात.

आता एक कवी म्हणून सांगतो. आकाशवाणीवर गाण्याबरोबर गीतकाराचंही नाव घेतात. एमपीथ्री फाइलमध्येही त्या नावासाठी जागा असते. बहुधा ती रिकामीच सापडते. मग गीतरामायण ऐकणाऱ्या नातवाला गदिमा कळायचे कसे? ही माहिती भरण्याचे प्रोग्राम मोफत मिळतात. गायक, संगीतकार, गीतकार अशी तिन्ही नावं लिहा आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. दर रविवारी दहा गाणी केलीत, तरी वर्षात पाचशेंवर होतील.