ऊन अडवायचं, पण कुणाला विचारून?



घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याला पावसाचा खंड नवा नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. विमानातून ढगांत क्षारांचे कण सोडले गेले. तो प्रयोग आलेल्या ढगांपुरताच होता.

आता जगात चर्चा आहे ती थेट ऊन अडवण्याची. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचा वायू स्थितांबरात फेकला. त्यापासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंड झाली. असेच कण मुद्दाम सोडावेत, असा हा विचार. पण त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. फवारणी अचानक थांबली, तर तापमान झपाट्याने चढेल. मोसमी पावसाचं गणितही बिघडू शकतं.

2024 मध्ये नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने या विषयावर ठराव मांडला. एकमत न झाल्याने तो मागे घ्यावा लागला.

ज्यांची कपाशी आणि तूर पावसाच्या भरवशावर उभी आहे, त्यांना विचारल्याशिवाय आभाळाला कुणी हात लावू नये. आधी नियम, मग प्रयोग, हा आग्रह भारताने जगापुढे ठामपणे धरायला हवा.