यंत्राची कुरकुर

शेगांवच्या आसमंतांत कापूस निघूं लागला कीं जिनिंगच्या फाटकाशीं गाड्यांची रांग लागते. ऐन हंगामांत एखादें बेअरिंग फुटलें, तर काम थांबतें आणि शेतकऱ्याची रात्र रस्त्यावर जाते.

मुरलेला मिस्त्री पेचकसाचें टोंक यंत्रावर टेकवी, मूठ कानाशीं धरी आणि आंतलें दुखणें ओळखी. ही विद्या त्याच्यापाशींच राही. आतां तें काम गणितानेंहि साधतें. गुंतागुंतीचा कंप साध्या लहरींत फोडावा, ही फूरिएची १८२२ ची युक्ति. ती आकडेमोड झटपट करण्याची रीत कूली व टूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. शाफ्ट सेकंदास २५ फेरे घेत असेल आणि बेअरिंगांत ८ गोळ्या असतील, तर बाहेरच्या स्थिर कड्यावरील ओरखडा सेकंदास सुमारें ८० ठोके देतो. आलेखांत तेथें शिखर उठलें कीं बेअरिंग बदलावयाचें.

हें करणाऱ्या ‘सायपाय’ व ‘ऑक्टेव्ह’ या संगणक-आज्ञावल्या विनामूल्य आहेत. त्यांचें अंतरंगहि कोणास वाचतां, सुधारतां येतें. शेगांवांत १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथल्या विद्यार्थ्यास त्यासाठीं कोणाची परवानगी नको. कंपमापक मात्र विकतच घ्यावा लागतो. शिवाय यंत्र धडधाकट असतांनाची नोंद जवळ नसेल, तर शिखर नवें कीं जुनें, हें उमगत नाहीं. ती नोंद हंगामाची पहिली गाडी आंत येण्यापूर्वींच घ्यावयाची असते.