मेल जात नाहीये, साईज कमी करून द्या



तहसील कचेरीच्या आसपास झेरॉक्स-स्कॅनिंगची दुकानं असतात. कचेरीची वेळ संपत आली की तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘दादा, मेल जात नाहीये, जरा साईज कमी करून द्या ना.’ हातात सातबारा, फेरफार, नाहीतर मुलीची प्रमाणपत्रं असतात. आणि शेवटची तारीख बहुधा आजचीच असते.

फाईल अटॅच करताना अडचण दिसते खरी, पण ती होते स्कॅनरपाशी. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके घेतले, की आडवे सुमारे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके होतात. एकूण जवळजवळ सत्त्याऐंशी लाख. रंगीत स्कॅनमध्ये एका ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे एका कागदाचे मुळात २६ एमबी! मशीन ते दाबून बरंच लहान करतं म्हणून आपलं निभतं. पण कागद तीस-चाळीस असले आणि ‘स्पष्ट यायला हवं हो’ म्हणून कुणी ६०० डीपीआय निवडलं, तर ठिपके चौपट. टाइप केलेला मजकूर आणि गोल शिक्का वाचायला २०० डीपीआय आणि करडा रंग, दुकानदाराच्या भाषेत ‘ग्रे’, सहसा पुरतो. ३०० वरून २०० वर आलं की ठिपके निम्म्याहून कमी होतात, आणि रंग काढला की उरलेल्याचा तिसरा हिस्सा. रंग महत्त्वाचा असेल तेवढंच पान रंगीत ठेवावं.

आता दुसरं कोडं. मर्यादा दहा एमबीची, फाईल नऊची, तरी मेल परत का येतो? याचं उत्तर १९८२ सालात आहे. ईमेलच्या वाहतुकीचे नियम त्या वर्षी ठरले ते साध्या इंग्रजी अक्षरांसाठी. फोटो, आवाज, पीडीएफ यांची सोय त्यात नव्हती. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. बोरेनस्टाईन यांनी त्या मार्चमध्ये अशी पहिली अटॅचमेंट पाठवली. ते स्वतः ज्या गायक-चौकडीत गात, तिचा फोटो त्यात होता. जुना रस्ता न खोदता त्यावरून नवा माल न्यायची ही युक्ती होती. फाईलमधल्या दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं करायची आणि ती मजकुरासारखी धाडायची. खोबरं किसलं की वाटीत मावत नाही, तसं फाईलचं होतं. ओळी तोडण्याचा खर्च धरला तर ती सदतीस टक्क्यांच्या आसपास फुगते. मेल सर्व्हर बहुधा हा फुगलेला आकार मोजतो, त्यामुळे नऊ एमबीची फाईल बारापलीकडे जाते.

शिवाय मर्यादा दोन्ही टोकांना असते. जीमेल २५ एमबी म्हणतं, पण समोरच्या कार्यालयाचा सर्व्हर तेवढं घेईलच असं नाही. पोस्टफिक्स हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. त्यातली मर्यादा कुणी बदललीच नाही, तर ती १,०२,४०,००० बाइटांवर असते. म्हणजे मूळ फाईल साडेसात एमबीच्या आतच हवी. कार्यालयाला पाठवायचं असेल तर मी सातच धरेन.

झिप करून फारसं साधत नाही. जेपीईजी फोटो आणि स्कॅनची पीडीएफ आधीच दाबलेली असतात. काही जण फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून तो लहान झालेला परत घेतात. वाढदिवसाच्या फोटोला हे ठीक आहे, पण स्टॅम्पपेपरवरची बारीक अक्षरं त्यात पुसट होतात.

राहिली लिंक. २५ एमबी ओलांडले की जीमेल आपणहून फाईल ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. लग्नाच्या व्हिडिओला याहून सोपा मार्ग नाही. अर्जाला मात्र मी लिंक शक्यतो टाळेन. परवानगी नीट दिली नसेल तर समोरचा कारकून ‘परवानगी मागा’ या पाटीपाशीच थांबतो, आणि त्याने ती मागावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शिवाय लिंकमागची फाईल नंतर बदलता येते, काढूनही टाकता येते. मेलला जोडलेली फाईल त्या तारखेला जशी गेली तशीच दोघांकडे राहते. उद्या वाद झालाच तर हा फरक कामाला येतो.

तेव्हा कागद जास्त असतील तर सरळ दोन-तीन मेल करावेत. विषयात अर्जाचा क्रमांक आणि पुढे ‘३ पैकी १’, ‘३ पैकी २’ असं लिहावं. पाठवल्यावर लगेच लॉगआउट करू नये, थोडा वेळ इनबॉक्सवर नजर ठेवावी. मेल परत आला तर त्यातला इंग्रजी मजकूर पाहून घाबरू नका, त्यातले आकडे शोधा. ५५२ च्या जोडीला ५.३.४ दिसलं तर मेल मोठा झालाय, फाईल लहान करा. ५.२.२ दिसलं तर समोरच्याची पेटीच भरली आहे. मग साईज कितीही कमी केली तरी उपयोग नाही, कार्यालयाला फोनच करावा लागेल.