दिंडीतली पोरं आणि अमळनेरचे गुरुजी
(शताब्दी सोहळ्यात मस्तगड, जालना येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन दिवस झाले, शंभर वर्षांच्या आठवणी ऐकतोय. वीणा कोणी वाहिली, कोणत्या मुक्कामी पावसानं गाठलं, कोणाच्या दारी पंगत झाली. सगळं गोड आहे. आमची गोष्ट मात्र जरा अवघड आहे, सांभाळून घ्यावं.

आपल्या दिंडीत एक पोर मृदंग वाजवायचं. नाव घेत नाही. हात असा, की काकड्याला म्हातारी माणसंसुद्धा डोलायची. चार वर्षं आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली, पण कितवीला आहेस रे बाळा, असं एकदाही विचारलं नाही. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, मागं तेही जायचं. फड म्हटलं की आपल्याला कीर्तनाचा आठवतो. त्याच्या घरचा फड उसाचा. उन्हाळ्यात परत येई तोवर वर्गातली पोरं कुठल्या कुठं गेलेली. आठवीनंतर त्याची शाळा सुटली. आम्हाला कळलं तेव्हा त्याच्याच हातात कोयता आला होता.

तेव्हापासून आम्हाला साने गुरुजी फार आठवतात. १८९९ साली कोकणात पालगडला जन्म. नाव पांडुरंग, हे विशेष. स्वतः हालअपेष्टांत, कधी अर्धपोटी शिकले. १९२४ मध्ये खानदेशात अमळनेरच्या हायस्कुलात मास्तर झाले आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडं आली. घर सोडून आलेली पोरं ती. कोणी आळशी, कोणी हूड, कोणी रात्री आईच्या आठवणीनं रडणारं. गुरुजींनी छडी घेतली नाही. पोरं बाहेर गेली की खोल्या झाडायचे, अंथरुणाच्या घड्या घालायचे, कोपऱ्यात टाकलेले मळके कपडे धुऊन ठेवायचे. तोंडानं एक शब्द नाही. पोरं परत येऊन बघायची आणि खजील व्हायची. कोणी आजारी पडलं तर गुरुजी उशाशी बसलेले. पोरांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. दिवसभर शिकवायचं, सेवा करायची आणि वर रोज हे लिहायचं! आपल्याला महिन्याचा जमाखर्च लिहायला कंटाळा येतो, माउली.

जेमतेम सहा वर्षं ही नोकरी. १९३० मध्ये ती सोडून ते सत्याग्रहात गेले, तुरुंगात गेले. 'श्यामची आई' लिहिलं ते नाशिकच्या तुरुंगात.

आणि हेच गुरुजी १९४७ साली आपल्या पंढरीत उपाशी बसले. हरिजनांना विठ्ठलाच्या मंदिरात घ्या, एवढंच मागणं. आधी गावोगाव फिरून लोकांना विनवलं, मग १ मे ते १० मे उपोषण केलं. तेव्हा दार उघडलं. आज आपण सगळे एका रांगेत उभे राहून पायांवर डोकं ठेवतो, त्यात या मास्तराचे दहा दिवस आहेत. आम्हाला वाटतं, वसतिगृहातलं पोर आणि मंदिराबाहेर थांबवलेला माणूस यांत त्यांना फरक दिसत नसावा. आत यायचं राहिलेलं ते त्यांचं.

आता आपलं. गाव सोडून तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह असतं. आजी-आजोबांजवळ पोर ठेवून शाळेत जेवण मिळण्याची सोय आहे. शाळेत जाऊन विचारावं लागतं, आपण विचारत नाही. ६ ते १४ वर्षांच्या पोराला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून परत लावता येत नाही. कायदा २००९ चा आहे. ज्यांची शाळा सुटली, त्यांनाही १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. हे आम्हाला आधी ठाऊक असतं तर!

तर यंदापासून आम्ही दिंडीच्या वहीत एक रकाना वाढवलाय. टाळकरी, पताकाधारी, तुळशीवाल्या बाया, सगळ्यांच्या नावापुढं घरातली शिकती पोरं आणि त्यांची इयत्ता. दिवाळीआधी वही घेऊन दोघं-दोघं घरोघर जायचंय. पहिली सहा नावं आलीत, त्यात चार मुली आहेत. मुलींचं आधी बघावं, कारण शाळा सुटली की लगेच स्थळं यायला लागतात. रात्री हरिपाठ झाला की पुढं तासभर दिवा चालू ठेवू. दोन निवृत्त मास्तर बसायला तयार आहेत. गणिताला कोणी नाही, मंडपात असेल त्यानं हात वर करावा.

त्या मृदंगवाल्या पोराला परवा भेटलो. आता विशीचा झालाय. फॉर्मचं सांगितलं तर हसला, "आता कशाला, महाराज?" म्हणाला. कागद मात्र घडी करून खिशात घातला. भरला की नाही, ते अजून कळलं नाही. पुढच्या एकादशीला पुन्हा जाऊन येतो.

राम कृष्ण हरी!