खडकाला बिलगणारा मासा

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या तलावात भाविक चुरमुरे टाकतात आणि क्षणार्धात पाण्यावर माशांची झुंबड उडते. त्याच परिसरात, समुद्राकडच्या सांथोम मार्गावर, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. तेथील अभ्यासिका के. रेमा देवी यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिरुनेलवेलीकडील कळक्काडच्या डोंगरी ओढ्यांतला एक लहानसा मासा शास्त्राच्या नोंदीत आणला. तलावातल्या माशांसारखे आयते अन्न त्याच्या नशिबी नाही. त्याचे सारे जीवित वाहत्या पाण्यातल्या दगडावर अवलंबून!

या माशाचा एक भाऊबंद महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मळ्या. लांबीला वीतभरही नाही. तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला आणि खालच्या ओठामागे एक मांसल, वाटोळी चकती. ती खडकाला चिकटवून आणि छातीजवळचे पर आडवे पसरून मळ्या धो धो प्रवाहातही जागा सोडत नाही, आणि तेथेच दगडावरचे शेवाळ खरवडून पोट भरतो. हौदात पाय सोडून बसणाऱ्या शहरी हौशी लोकांची त्वचा कुरतडणारे तुर्कस्तानकडचे मासेही याच कुळातले. पण ही नोकरी मळ्याला अद्याप कोणी दिलेली नाही.

मुंबई सरकारने १८२४ साली सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमलेल्या साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. तसे करताना त्याने कित्येकांची देशी नावेच लॅटिन पंक्तीला बसवली. पुण्याजवळच्या मुळामुठेतला एक मोठा मासा 'खुद्री' झाला, तर मळ्या 'मुल्या' झाला. आज 'गारा मुल्या' या नावापुढे कंसात साइक्सचे नाव असते. ज्या कोणा भोयाने ते मूळ नाव सांगितले असेल, त्याचे नसते.

मळ्या ही जात आज नष्ट होऊ घातलेली नाही. दक्षिणेतल्या अनेक नद्यांत ती आढळते. परंतु ओढ्यावर बांध पडला, पाणी थांबले आणि दगडांवर गाळाचा थर बसला, की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि चकतीला टेकायला कठीण जागा उरत नाही. मळ्याला दुसरी नदी तरी असते. कळक्काडच्या माशाला मात्र त्या डोंगरांतले मोजके ओढेच काय ते आहेत.